फ्रेंच शिकवा, पण मराठीचा हात धरून

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी नागपुरातल्या एका सीबीएसई शाळेत आठवी ते दहावीला फ्रेंच शिकवते. फ्रेंच इथेच शिकले, फ्रान्सला कधी गेलेली नाही. आता शाळेने ठरवलंय की उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तिसरी, चौथी आणि पाचवीलाही फ्रेंच सुरू करायचं. आठवड्याला ३५ मिनिटांचे दोन तास, एका वर्गात ४२ मुलं. पुस्तक इंग्रजीतून लिहिलेलं. पहिला धडा मुळाक्षरांचा, दुसरा नामांच्या लिंगांचा. ऑक्टोबरमध्ये लेखी परीक्षा, डिसेंबरात गॅदरिंगला फ्रेंच गाणं. पालकांच्या ग्रुपवर आतापासून चौकश्या सुरू आहेत: वही कोणती घ्यायची, शब्द पाठ करून घेणार ना, इथल्या मिहान उद्योगक्षेत्रात फ्रेंच कंपनी आली आहे तर पुढे उपयोग होईल ना.

माझ्या सासूबाई निवृत्त मराठी शिक्षिका. त्या म्हणाल्या, ‘पोरांना धड मराठी वाचता येत नाही, त्यात हे कशाला?’ मला उत्तर सुचलं नाही. मोठ्या मुलांना क्रियापदांचे तक्ते देऊन शिकवायची मला सवय. आठ वर्षांच्या मुलांपुढे काय करू? माझेच उच्चार चुकत असतील तर तेच त्यांच्या तोंडी बसतील, ही धास्ती वेगळीच. शाळेला हो म्हणू की नको?

– एक शिक्षिका, मानेवाडा, नागपूर

उत्तर

हो म्हणा. पण त्याआधी मुख्याध्यापकांना एक गोष्ट विचारून घ्या: हे दोन तास वेळापत्रकात कोणाचे काढून दिले? मराठीचे, खेळाचे किंवा वाचनालयाचे असतील तर तिथेच थांबा आणि स्पष्ट बोला. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची केली आहे. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय असाव्यात असं म्हटलंय, आणि परदेशी भाषांचा पर्याय माध्यमिक टप्प्यावर ठेवलाय. म्हणजे तिसरीतलं फ्रेंच ही शाळेने आपल्या हौसेने दिलेली जास्तीची गोष्ट आहे, ती जास्तीच्याच वेळात बसली पाहिजे. तुमच्या सासूबाईंचं म्हणणं मला इथे फार मोलाचं वाटतं. त्यांचा राग फ्रेंचवर नाही. मराठी कच्ची राहते आहे, याची त्यांना काळजी आहे आणि ती खरी आहे.

त्यांना द्यायचं उत्तर तुमच्या शिकवण्यातूनच देता येईल, कारण फ्रेंचसाठी या मुलांजवळ सगळ्यात मोठं भांडवल आहे ते त्यांच्या मराठीचं आणि हिंदीचं. तुमचं पुस्तक ते वापरतच नाही. ते इंग्रजी बोलणाऱ्या मुलासाठी लिहिलंय. त्या मुलाला जे अवघड जातं तेच त्यात पानंच्या पानं समजावलंय, आणि आपल्या मुलांना जिथे खरोखर अडेल तिथे ते गप्प आहे.

लिंगाचंच घ्या. निर्जीव वस्तूलाही पुल्लिंग-स्त्रीलिंग असतं, हे इंग्रजी मुलाला समजावून सांगावं लागतं. मराठी मूल दोन-तीन वर्षांचं असल्यापासून तो दगड, ती खुर्ची, ते झाड म्हणतंय. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं फळ म्हणतंय. नामाप्रमाणे विशेषण बदलतं हे त्याच्या जिभेवर आहे. त्याच्यापुढे ‘आश्चर्य बघा, फ्रेंचमध्ये खुर्चीसुद्धा स्त्रीलिंगी’ असं म्हणू नका. नुसतं सांगा की आपल्याकडे तीन, तिकडे दोनच. मग त्याला कुठे अडेल? मराठीतलं लिंग तो तसंच्या तसं तिकडे नेईल. खुर्ची दोन्हीकडे स्त्रीलिंगी, सूर्य दोन्हीकडे पुल्लिंगी, तिथे काही बिघडत नाही. पण चंद्र तिकडे स्त्रीलिंगी आहे. आपलं टेबल आणि पुस्तक नपुंसकलिंगी. तिकडे टेबल स्त्रीलिंगी होतं, पुस्तक पुल्लिंगी. म्हणून एकही नाम सुटं शिकवू नका. पुल्लिंगी नामाला ‘ल’ आणि स्त्रीलिंगी नामाला ‘ला’ आधी लावूनच ते मुलांच्या कानावर पडू द्या, इतकं की सुटं ऐकलं तर त्यांना चुकल्यासारखं वाटावं. लिंगांचा धडा तिसरीत उघडायचीही गरज नाही.

तू आणि तुम्हीचंही तसंच. ‘त्यु’ म्हणजे तू. ‘वू’ म्हणजे तुम्ही: अनेकांना आणि मान द्यायच्या एकालाही, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीतून शिकवायला गेलात तर दोन्हींचा एकच शब्द होतो आणि मग नियम पाठ करून घ्यावा लागतो. मराठीतून एका वाक्यात काम होतं. एक फरक मात्र सांगायला विसरू नका: तिकडे मुलं आईवडिलांना आणि बहुतेक घरांत आजीआजोबांनाही ‘त्यु’च म्हणतात. तुमच्या वर्गातलं मूल आजोबांना अहो-जाहो करणारं असेल. त्याला हे उद्धट वाटेल, ते वर्गात विचारेलही. त्या प्रश्नाला दहा मिनिटं द्या.

आणखी एक जागा. आपण ‘मला भाऊ आहे’ म्हणतो, ‘मला ताप आहे’ म्हणतो आणि ‘मला भूक लागली’ म्हणतो. फ्रेंचमध्ये भाऊ, ताप, भूक, तहान, वय हे सगळं ‘जे’ने, म्हणजे ‘माझ्याजवळ आहे’ अशा घाटाने सांगतात. इंग्रजीच्या वाटेने गेलेली मुलं ‘मी भूक आहे’ अशा अर्थाचं काहीतरी बोलतात, कारण मनात इंग्रजी वाक्य असतं. हीच चूक तुमच्या आठवीच्या वर्गातही वहीवहीत दिसत असेल. लहानांना आधीच मराठीच्या वाटेने नेलं तर ती बरीच टळेल.

उच्चारांकडे वळते, कारण तुमची खरी धास्ती तीच आहे. धरमपेठेतल्या एका शाळेत मागच्या बाकावर बसून मी चौथीचा तास पाहिला होता. बाईंनी फळ्यावर टेबलासाठीचा शब्द लिहिला. स्पेलिंग इंग्रजीतल्यासारखंच. बाई ‘ला ताब्ल’ म्हणत होत्या, छान म्हणत होत्या, आणि अख्खा वर्ग ‘ला टेबल’ म्हणत होता. पाच-सहा वेळा झालं. मग बाईंनी फळा पुसला, मुलांना डोळे मिटायला सांगितले आणि टेबलावर हात आपटत पुन्हा म्हटलं. यावेळी बहुतेकांच्या तोंडून स्वच्छ ‘त’ आला. मुलांचे कान ठीक होते, त्यांना अडवत होती ती फळ्यावरची अक्षरं. आपला दंत्य त आणि द फ्रेंचमध्ये जसाच्या तसा चालतो. प, त, क म्हणताना हवेचा झोत सोडायचा नसतो, आणि प-फ, त-थ वेगळे ठेवणं तर मराठी मुलाला वेगळं शिकवावं लागत नाही. इंग्रजी बोलणाऱ्याला हे कष्टाने कमवावं लागतं.

कष्ट लागतील ते दुसरीकडे. पहिलं, नाकातले स्वर. मराठीत ‘आंबा’ म्हणताना मध्ये म् येतो, ‘अंत’ म्हणताना न्. त्याच सवयीने मुलं ‘बोन्‌जूर’ म्हणतात. तिथे त्यांना हिंदीकडे न्या. नागपूरच्या मुलाला हिंदी वेगळी शिकवावी लागत नाही. ‘हाँ’ आणि ‘माँ’ म्हणताना स्वर नाकातून जातो आणि मागे न् उरत नाही, हे त्याच्याकडून म्हणवून घ्या आणि तिथून ‘बों’वर या. दुसरा, ‘त्यु’मधला स्वर: तोंडात ई धरायची आणि ओठ ऊसारखे गोल करायचे. लहान मुलांना हे चाळे आवडतात, मोठी लाजतात. लवकर सुरू करण्याचा खरा फायदा मला इथेच दिसतो. तिसरा, घशातला र. घरी उर्दू बोलणारी, ‘ग़लत’ आणि ‘ग़रीब’ नीट म्हणणारी मुलं वर्गात असतील तर त्यांना पुढे बोलवा. तो र त्या ग़च्या अगदी शेजारी आहे. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरची भाषा सगळ्यांच्या उपयोगी पडते आहे, हे त्या मुलालाही कळू द्या.

तुमच्या स्वतःच्या उच्चारांसाठी फ्रान्सला जाऊन आलंच पाहिजे असं नाही. टीव्ही५मोंद ही फ्रेंच वाहिनी आणि आरएफआय हा फ्रेंच रेडिओ यांच्या संकेतस्थळांवर शिकणाऱ्यांसाठी मोफत ध्वनिफिती आहेत. आठवड्याची पाच-सात वाक्यं आधी स्वतः ऐका, फोनवर आपला आवाज टिपून शेजारी ठेवून पाहा, आणि वर्गातही मूळ आवाज ऐकवा. एकाच बाईंचा आवाज ऐकून तयार झालेला कान कुठेतरी कमीच पडतो, मग बाई कितीही चांगल्या असोत.

आता लहान मुलांपुढे नेमकं काय करायचं. पहिले काही आठवडे वही नको, पुस्तक नको, मुळाक्षरं तर नकोतच. आधी कान, मग तोंड, मग डोळा आणि शेवटी हात, हा क्रम मोडू नका. तिसरीला दिवाळीपर्यंत छापील शब्द दाखवला नाही तरी चालेल. त्यांचं इंग्रजी स्पेलिंग अजून बसतंय. त्यात शेवटचं अक्षर न उच्चारणारी भाषा डोळ्यांपुढे आली की दोन्हींचा विचका होतो. वहीत देवनागरीत उच्चार लिहून देण्याचा मोह आवरा. इथे मी लिहिते आहे कारण छापायला दुसरा मार्ग नाही, पण मुलाने एकदा तसं लिहिलं की ते ऐकायचं सोडून वाचू लागतं.

सुरुवात हुकमांपासून करा: उठा, बसा, दार उघडा, खिडकीला हात लावा, दप्तर डोक्यावर ठेवा. तुम्ही बोलायचं आणि करून दाखवायचं, मुलांनी नुसतं करायचं. अमेरिकेतल्या जेम्स आशर यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत मांडली आणि आजही लहान मुलांच्या वर्गात तिच्याइतकी भरवशाची सुरुवात मला दुसरी दिसत नाही, कारण ४२ मुलांना ती एकदम कामाला लावते आणि न बोलणाऱ्या मुलालाही सामावून घेते. काही मुलं महिनोन्‌महिने तोंड उघडणार नाहीत. ती ऐकत असतात. त्यांना उभं करून बोलायला लावू नका.

मग संत्रं आणा. खरं, सोलायचं. फ्रेंचमध्ये आपल्या नागपुरी संत्र्याला ‘मांदारीन’ म्हणायचं, पुस्तकातल्या चित्रातलं ‘ओरांज’ ते नव्हे. हा फरक मुलं कधी विसरत नाहीत. रंग, वास, सालीचा स्पर्श, आत फोडी किती, तुला किती हव्यात, मला दोन द्या, आभार. एका फळावर तीन तास जातात आणि आकडे, मागणं, देणं, मान राखणं हे सगळं त्यात येऊन जातं. पुस्तकात डिसेंबरचं बर्फ असेल. ते तिकडचं म्हणून दाखवा, पण ‘आज गरम आहे’ हे वाक्य मात्र पहिल्याच आठवड्यात शिकवा. नागपुरात ते रोज कामाला येईल.

आता शाळेशी बोलायचं ते. ३५ मिनिटांचे दोन तास, वर्षाला फार तर ३५ आठवडे: म्हणजे घड्याळाचे साधारण ४० तास. तीन वर्षांचे १२०. सुट्ट्या, स्पर्धा, चाचण्या वजा करा. एवढ्यात मूल फ्रेंच ‘बोलू लागेल’ असं पालकांना सांगू नका. कॅनडाला याचा साठ वर्षांचा अनुभव आहे. १९६५ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी आग्रह धरून बालवर्गापासून सगळी शाळाच फ्रेंचमधून सुरू करवली. मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लॅम्बर्ट आणि रिचर्ड टकर यांनी त्या मुलांवर बरीच वर्षं लक्ष ठेवलं. मुलांचं फ्रेंच चांगलं झालं आणि इंग्रजीही मागे पडली नाही. (सासूबाईंना हे सांगा, पण पुढचंही सांगा: त्या मुलांच्या घरात, गल्लीत, टीव्हीवर सगळीकडे इंग्रजीच होती. आपल्याकडे इंग्रजी शाळेतल्या मुलाच्या मराठीला तसा आधार घरातून आणि शाळेतून मुद्दाम द्यावा लागतो.) त्याच देशात रोजचा एक लहानसा तास म्हणून फ्रेंच शिकणारी मुलं मात्र कितीतरी वर्षं शिकूनही अडखळतात, ही तक्रार जुनी आहे. म्हणून १९९८ मध्ये न्यूफाउंडलंडमध्ये क्लोद जेर्मां आणि जोन नेटन यांनी पाचवी-सहावीच्या मुलांना अर्धं वर्ष दिवसाचा बराचसा वेळ फ्रेंचच देऊन पाहिलं, आणि ती मुलं मोकळेपणी बोलू लागली. बार्सिलोनात इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या अभ्यासातही उशिरा सुरुवात केलेली मोठी मुलं तेवढ्याच तासांत लहानांच्या पुढे गेलेली दिसली.

म्हणजे लवकर सुरू करण्यापेक्षा गाठ वारंवार पडणं महत्त्वाचं. दोन तासांच्या ७० मिनिटांचे चार तुकडे करून मिळतात का, ते विचारा: १५-१८ मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. जास्त वेळ मागू नका, तोच वेळ वाटून मागा. वेळापत्रक करणाऱ्या सरांना त्रास होईल, तरी मागा. तुमच्या सगळ्या मागण्यांतली एकच मान्य होणार असेल तर ती ही असावी.

पालकांना ठोस काही हवं असेल तर डेल्फ प्रिमचं नाव सांगा. प्राथमिक वयाच्या मुलांसाठी फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाचं ते प्रमाणपत्र आहे. त्याची सगळ्यात खालची पायरी ए१.१, मग ए१ आणि ए२. १०० पैकी ५० गुणांना उत्तीर्ण. पाचवीच्या शेवटी ज्यांची इच्छा असेल त्यांनी पहिली पायरी पाहावी. सगळ्या वर्गाला त्यात ओढू नये. मिहानचं उत्तर सरळ द्या. दसॉ आणि रिलायन्सच्या कारखान्यात फाल्कन विमानांचे भाग तयार होतात, ही नागपूरची अभिमानाची गोष्ट आहे. पण तिथे जायला आधी अभियांत्रिकी आणि हातातलं कसब लागतं. आठ वर्षांच्या मुलीने त्या नोकरीसाठी फ्रेंच शिकावं असं मला मुळीच वाटत नाही. तिने ते बोलायची मजा आली म्हणून शिकावं.

वही हवीच म्हणणाऱ्या पालकांना महिन्यातून एकदा वीस सेकंदांचा आवाज पाठवा, त्यांच्या मुलाचा. ऑक्टोबरच्या लेखी परीक्षेऐवजी तोंडी मागून घ्या: प्रत्येक मुलाशी एक मिनिट, समोर चार वस्तू, तीन प्रश्न, एक हुकूम. ४२ मुलं दोन तासांत होतात. गॅदरिंगला अर्थ न कळता पाठ केलेलं गाणं नको. कॉटन मार्केटचा देखावा करा: एक भाजीवाली, दहा गिऱ्हाईकं, भाव विचारणं, महाग आहे म्हणणं, घासाघीस, पैसे मोजणं. डोळे झाकून पाठांतर करण्यापेक्षा मुलं हे मनापासून करतील, आणि ‘मिस, हा माझा डायलॉग बोलून राहिला’ अशी तक्रारही येईल. येऊ द्या.

आणि ४२ मुलांना तुम्ही एकट्या पुऱ्या पडणार नाही. तुमच्याजवळ नववी-दहावीची फ्रेंचची मुलं आहेत. त्यांच्यातली चार-पाच आठवड्यातून एकदा लहानांच्या वर्गात न्या, आठ-दहा मुलांचे गट करून एकेक गट त्यांच्याकडे द्या. मोठ्यांनाही तक्त्यांबाहेरचं बोलावं लागेल, आणि दहावीतला दादा चुकतो हे पाहून तिसरीतलं मूल बिनधास्त बोलायला लागेल. त्यासाठी दोन्ही वर्गांचे तास एकाच वेळी यावे लागतात. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, वेळापत्रकं त्याआधीच पक्की होतात. तेव्हा हे बोलणं सुट्टीतच उरकून घ्या.